वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचे इंग्रजी

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये पूर्वी इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीत होत असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, हा विषय पहिलीपासून सुरू झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी काही त्याच पिढीची आहेत. पत्रांतील मुख्य प्रश्न संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्हा दोघांचेही शिक्षण मराठीतून झाले. मुलगी चार वर्षांची आहे. ती एबीसीडी लिहिते, शंभरपर्यंत आकडे इंग्रजीत म्हणते, पण इंग्रजीत काही विचारले की गप्प बसते. आम्हाला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही. घरी काय करावे? — एक आई, वाई तालुका

उत्तर : आपली मुलगी गप्प बसते याचे कारण तिच्यात शोधू नका. तिने अक्षरांची नावे आणि आकड्यांची माळ पाठ केली आहे, परंतु भाषा म्हणून इंग्रजी तिच्या कानांवर अद्याप फारसे पडलेलेच नाही. मराठी बोलायला लागण्यापूर्वी तिने दीड-दोन वर्षे नुसते ऐकले होते, आणि तेव्हा कोणी तिच्याकडून ‘अ, आ, इ, ई’ लिहून घेतले नव्हते. दुसरी भाषा शिकणारी मुलेही सुरुवातीला बराच काळ ऐकतात, समजून घेतात आणि बोलत मात्र नाहीत. हा काळ वाया जात नसतो. म्हणून सध्या लिहिणे पूर्ण थांबवले तरी चालेल. चार वर्षांच्या बोटांना चिकणमाती, रंग आणि शेंगा सोलणे हे वहीच्या चार रेघांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आपल्याला अस्खलित इंग्रजी येण्याची गरज नाही. दिवसातील एकच प्रसंग निवडा, उदाहरणार्थ सकाळची आंघोळ किंवा संध्याकाळचे जेवण, आणि त्या प्रसंगापुरती चार-पाच लहान वाक्ये ठरवून घ्या. ‘कम हिअर’, ‘ओपन द टॅप’, ‘गिव्ह मी द मग’, ‘वॉश युवर हँड्स’ अशी वाक्ये रोज त्याच वेळी, हातवारे करून, तोंडभर हसून म्हणावीत. मुलीने उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवू नये. तिने नळ उघडला, मग आणून दिला, की तिला वाक्य कळले. कृतीतून प्रतिसाद घेत भाषा शिकवण्याची ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि जगभरातील प्राथमिक वर्गांत ती आजही वापरली जाते. काही आठवड्यांनी मुलगी स्वतःच आपल्याला किंवा बाहुलीला हुकूम सोडू लागेल. तेव्हा दुसरा प्रसंग घ्यावा.

बॉल, कप, ब्रश, बस, टेबल, पेन्सिल, बिस्किट असे कितीतरी शब्द तिच्या मराठीत आधीपासूनच आहेत. ते सुटे पाठ करून घेण्याऐवजी वाक्यात आणावेत : ‘द बॉल इज अंडर द टेबल’. मराठीत आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, म्हणजे जागा दाखवणारा भाग शब्दाच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. हे मुलीला समजावून सांगू नये. चेंडू टेबलाखाली, पलंगावर, पिशवीत ठेवून तीच रचना वारंवार ऐकवली की तिच्या कानाला ती सरावाची होते.

गोष्टींसाठी द्विभाषिक पुस्तके घ्यावीत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. एकच गोष्ट पहिले दोन-तीन दिवस मराठीत, रंगवून सांगावी. ती मुलीच्या ओळखीची झाली की चित्रांवर बोट ठेवत इंग्रजीत वाचावी. ओळी मात्र एकाआड एक भाषांतर करून वाचू नयेत, कारण मग मूल इंग्रजी ओळ ऐकेनासे होते आणि मराठी ओळीची वाट पाहत बसते.

आणखी एक विनंती. पाहुण्यांसमोर ‘सांग बरं, काऊला इंग्रजीत काय म्हणतात?’ ही परीक्षा घेणे कटाक्षाने टाळा. नव्या भाषेची भीती अनेक मुलांच्या मनात पहिल्यांदा अशाच वेळी शिरते.

प्रश्न : मी दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते चौथीची मुले बहुधा एकाच खोलीत असतात. त्यांच्या घरी पावरी बोलली जाते. मुले ‘टी-ए-पी टॅप’ असे घडाघडा म्हणतात, पण तोच शब्द फळ्यावर वेगळा लिहिला तर वाचता येत नाही. माझे स्वतःचे इंग्रजी बोलणेही सफाईदार नाही. — एक शिक्षिका, धडगाव तालुका, जिल्हा नंदुरबार

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यात मांडलेली परिस्थिती राज्यातील अनेक शाळांची आहे आणि तिच्याविषयी लिहिले मात्र फार कमी जाते.

‘टी-ए-पी’ बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला ‘टॅप’ वाचता येत नाही, याचे मूळ अक्षरांच्या नावांत आहे. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो. इंग्रजीत तसे नाही. टी, ए आणि पी ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘टॅप’ निघत नाही. मूल वाचत नसून तीन नावे आणि एक शब्द असे चार तुकडे पाठ म्हणत असते. वाचन शिकवताना नावे काही महिने बाजूला ठेवावीत आणि ध्वनी द्यावेत : ट्, ॲ, प्.

येथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते. देवनागरीच्या सवयीमुळे शिक्षक आणि मुले दोघेही व्यंजनाला ‘अ’ जोडून म्हणतात, त्यामुळे ‘ट-ॲ-प’ असे होते आणि ध्वनी एकमेकांना चिकटत नाहीत. ज्या मुलांना मराठीतील पाय मोडलेली अक्षरे ठाऊक आहेत त्यांना सरळ सांगावे की इंग्रजी व्यंजनाचा पाय नेहमीच मोडलेला असतो. ही कल्पना मुलांना पटकन कळते. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वरही त्यांना परके नाहीत. राज्य शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने त्यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान मिळालेले आहे. चिन्ह पाहून ध्वनी काढणे आणि ध्वनी जोडून शब्द करणे हे कौशल्य मुलांनी मराठी वाचताना एकदा कमावलेले असते, म्हणून पहिलीत मराठी वाचन पक्के होण्याआधी इंग्रजी वाचनाची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिलीचे इंग्रजी कान आणि तोंड यांच्यापुरते ठेवावे आणि अक्षरांना दुसरीच्या सुमारास हात घालावा. पाठ्यपुस्तक काय म्हणते याकडे दुर्लक्ष करा असे मी सुचवत नाही. त्यातील गाणी, चित्रे आणि संवाद आधी घेता येतात.

सव्वीस अक्षरे ओळीने शिकवण्याचा आग्रहही सोडावा. ए, बी, सी, डी या क्रमाने गेले तर पहिल्या पंधरवड्यात मुलांना वाचण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. ध्वनींवर आधारलेल्या अनेक अभ्यासक्रमांत एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरे सुरुवातीला घेतात, कारण तेवढ्यावर सॅट, सिट, पिन, पॅन, टिन, टॅप, नॅप, ॲन्ट असे शब्द तयार होतात. मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच खराखुरा शब्द वाचते, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. सुरुवात स्मॉल अक्षरांनी करावी, कारण पुस्तकात बहुतेक मजकूर त्यांचाच असतो. स्मॉल बी आणि स्मॉल डी एकाच आठवड्यात शिकवू नयेत. अक्षरे बाटल्यांच्या झाकणांवर किंवा गुळगुळीत खड्यांवर रंगवून घेतली तर मुलांना ती हाताने सरकवत शब्द जुळवता येतात.

अर्थात इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि ध्वनी सुमारे ४४ असल्याने ही वाट शेवटपर्यंत सरळ जात नाही. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ असे वारंवार येणारे शब्द ध्वनी जोडून वाचता येत नाहीत. ते आठवड्याला दोन या बेताने, चेहऱ्याने ओळखायला शिकवावेत आणि तसे मुलांना मोकळेपणाने सांगावे. तसेच ज्या शब्दाचा अर्थ मुलाला ठाऊक नाही तो वाचायला देऊ नये. ‘नॅप’ वाचायला लावण्यापूर्वी वर्गातल्या एखाद्याला डोळे मिटून झोपल्याचे सोंग करायला लावावे.

आता घरच्या भाषेचा प्रश्न. आपल्या मुलांच्या दृष्टीने मराठी ही दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतून सांगितला तर काही मुलांना एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अर्धवट ओळखीच्या शब्दातून लावावा लागतो. त्यापेक्षा चित्र, वस्तू आणि कृती यांचा आधार घ्यावा, आणि चित्राविषयी आधी मुलांना पावरीत मनसोक्त बोलू द्यावे. त्यांच्याकडून शेळी, चूल, डोंगर यांचे पावरी शब्द आपणही शिकावेत. शिक्षिका आपली भाषा शिकत आहे आणि चुकतही आहे, हे पाहिलेले मूल इंग्रजीत चुकायला घाबरत नाही.

चार इयत्ता एकत्र असणे ही इंग्रजीच्या तासाला सोयही ठरू शकते. फळ्यावर आठवडी बाजाराचे एक मोठे चित्र काढावे आणि आठवडाभर तेच ठेवावे. ‘शो मी द गोट’ म्हटल्यावर पहिलीच्या मुलांनी बोट दाखवावे. दुसरीच्या मुलांनी वस्तूंची नावे सांगावीत. तिसरीच्या मुलांनी ‘द गोट इज इटिंग’ असे वाक्य बोलावे. चौथीच्या मुलांनी दोन-तीन वाक्ये लिहून ती धाकट्यांना वाचून दाखवावीत. धाकटी मुले आपल्या वाट्याचे काम करता करता वरच्या वर्गाची भाषा ऐकत राहतात, आणि थोरल्यांना खरा श्रोता मिळतो. अर्ध्या तासाच्या तासिकेत एक कृतिगीत, चित्रावरचे बोलणे आणि शेवटची दहा मिनिटे ध्वनी-अक्षरे, एवढे पुरेसे आहे.

स्वतःच्या इंग्रजीविषयी संकोच बाळगू नका. वर्ग चालवण्यासाठी लागणारी पंधरा-वीस वाक्ये, जसे ‘सिट इन अ सर्कल’, ‘लूक ॲट द बोर्ड’, ‘हू वॉन्ट्स टु ट्राय?’, पक्की करून रोज वापरली तर वर्षभरात मुलांच्या कानांवर ती शेकडो वेळा पडतात. उच्चार आणि लय यांच्या नमुन्यासाठी ध्वनिमुद्रित साहित्याची मदत घ्यावी. पुण्यातील सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम याच विचाराने तयार केले होते : रेडिओवरचा आवाज सूचना देतो, मुले उत्तर देतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर शिकत जातो. आपल्या मोबाइलवर डाउनलोड केलेली एखादी गोष्ट अशाच रीतीने, मध्ये मध्ये थांबवून, मुलांना बोलू देत ऐकवता येईल.

प्रश्न : माझा साडेतीन वर्षांचा नातू इंग्रजी बालवाडीत जातो. तो ‘मी रन केलं’, ‘मला वॉटर दे’ असे बोलू लागला आहे. त्याला दोन्ही भाषा धड येणार नाहीत की काय? — एक आजोबा, पुणे

उत्तर : काळजी करू नये. दोन भाषा कानांवर पडणारी मुले या वयात दोन्हींतील शब्द मिसळतात आणि पुढे कोणाशी कोणती भाषा बोलायची हे त्यांचे त्यांना उमगते. ‘मी रन केलं’ या वाक्याची रचना पूर्णपणे मराठी आहे, याचाच अर्थ त्याची मराठी शाबूत आहे. त्याला टोकू नये आणि हसूही नये. ‘अरे वा, तू पळालास? कुठपर्यंत पळालास?’ असे सहज उत्तर द्यावे. पूर्ण मराठी वाक्य त्याच्या कानांवर पडते आणि गप्पाही थांबत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्याशी तुटके इंग्रजी बोलण्याचा प्रयत्न करू नये, ही मात्र कळकळीची विनंती. त्याला इंग्रजी शाळेत मिळणारच आहे. आजोबांच्या गोष्टी, कोडी आणि म्हणी त्याला दुसरे कोणी देणार नाही.

प्रश्न : गावातील जिल्हा परिषदेची शाळा चांगली आहे, पण सगळे जण मुलांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालत आहेत. लवकर घातले तर इंग्रजी चांगले होते, हे खरे का? — एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : इंग्रजी शिकणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाच्या घरी आणि परिसरात इंग्रजी नाही, त्याला परिसर अभ्यास आणि गणित इंग्रजीतून दिले तर पहिली काही वर्षे त्याचा बराचसा वेळ वाक्यांचा अर्थ लावण्यात किंवा अर्थ न लावता ती पाठ करण्यात जातो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे लक्षात घ्यावा : वाचून समजून घेणे, कारण शोधणे, मुद्दा मांडणे ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेत नेता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

लवकर सुरुवात केल्याचा लाभ मुख्यतः उच्चारात आणि संकोच नसण्यात दिसतो, आणि तोही भरपूर व चांगली भाषा कानांवर पडली तरच. म्हणून फलकावरील माध्यमाचे नाव पाहण्याऐवजी दोन्ही शाळांत जाऊन एकेक तास वर्गात बसण्याची परवानगी मागा. शिक्षक मुलांशी इंग्रजीत बोलतात, की फळ्यावरील प्रश्नोत्तरे उतरवून घेतात? मुले प्रश्न विचारतात का? वर्गात गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत का? चांगली मराठी शाळा आणि तिच्या जोडीला रोज अर्धा तास नीट शिकवलेले इंग्रजी, हा पर्याय आपल्या मुलासाठी मी निःसंकोच सुचवीन. पुढे पाचवी-सहावीपासून गणित आणि विज्ञानासाठी सेमी इंग्रजीची वाट बऱ्याच शाळांत उपलब्ध असते.

प्रश्न : दोन वर्षांचा मुलगा मोबाइलवर इंग्रजी गाणी पाहतो आणि रंगांची नावे परदेशी उच्चारांत म्हणतो. हे चालू ठेवावे का? — एक आई, बदलापूर

उत्तर : बेताने. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक असू नये, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ सालचा एक प्रयोगही या संदर्भात बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी प्रत्यक्ष माणसे चिनी भाषेत खेळली-बोलली तेव्हा त्या बाळांनी त्या भाषेतील ध्वनी ओळखण्याची क्षमता टिकवली. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकवले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून गाणे लावायचेच तर आपण जवळ बसावे, बरोबर म्हणावे आणि नंतर पडदा बंद करून घरातील लाल वाटी, निळी चादर, पिवळे केळे शोधण्याचा खेळ मांडावा.

परदेशी उच्चारांचे कौतुक करू नये आणि त्यांची चिंताही करू नये. भारतीय वळणाचे इंग्रजी स्पष्ट असेल तर जगात कोठेही समजते. लक्ष द्यायचे ते अर्थ बदलणाऱ्या उच्चारांकडे, जसे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. तो बहिणीला ‘ही’ म्हणतो, वडिलांना ‘शी’ म्हणतो. शाळेत चुकलेले प्रत्येक स्पेलिंग दहा वेळा लिहून आणायला सांगतात. वही भरते, पण सुधारणा नाही. — एक पालक, पेडणे, गोवा

उत्तर : मराठीत ‘ही’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम असल्याने पहिला गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, आणि दुसरा त्याच्याच पाठोपाठ येतो. नियम सांगत बसू नये. घरातील छायाचित्रे समोर घेऊन ‘शी इज माय आजी, शी लाइक्स टी’, ‘ही इज माय काका, ही हॅज अ स्कूटर’ अशी खरी वाक्ये आळीपाळीने बोलावीत. मुलगा चुकला तर आपण योग्य रूप वापरून बोलणे पुढे न्यावे. काही दिवसांनी छायाचित्रे उलटी ठेवून ‘हू इज इट? इज इट अ ही ऑर अ शी?’ असा ओळखण्याचा खेळ घेता येतो.

स्पेलिंग दहा वेळा उतरवताना तिसऱ्या ओळीनंतर हात चालतो आणि लक्ष उडते. कित्येकदा मूल दुसऱ्याच ओळीत चूक करते आणि ती चूक पुढे आठ वेळा गिरवते. त्याऐवजी शब्द नीट पाहावा, झाकावा, आठवून लिहावा आणि मग ताडून पाहावा. एवढे दोनदा केले तरी दहा ओळींहून अधिक लाभ होतो. शब्दही एका कुळातले घ्यावेत : ‘लाइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘फाइट’ यांचे शेपूट एकच असल्याने एक कळला की बाकीचे सोपे होतात. मुलाच्या शिक्षकांना भेटून, तक्रारीच्या सुरात नव्हे तर सहकार्याच्या भावनेने, दहा ओळींऐवजी अशा एका कुळातील चार शब्द आणि त्यांतील एका शब्दाचे मुलाने स्वतः रचलेले वाक्य, एवढा गृहपाठ महिनाभर देऊन पाहाल का, असे विचारावे. महिन्याच्या शेवटी तेच शब्द न सांगता लिहायला दिले की फरक शिक्षकांना आणि आपल्याला, दोघांनाही वहीत दिसेल.